दर्यावर जाणाऱ्यांसाठी ॲप: इशाऱ्याचे वाक्य यंत्राने लिहावे की आपण?

खाडीकाठ (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. आम्ही तिघे जण रत्नागिरीत बसून एका मच्छीमार सहकारी संस्थेसाठी अँड्रॉइड ॲप तयार करीत आहोत. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, त्यामुळे होड्या पुन्हा पाण्यात उतरण्यापूर्वी ॲप लोकांच्या हातात पडले पाहिजे, असा संस्थेचा आग्रह आहे. काम वरवर पाहता सोपे आहे. हवामान विभागाचा इंग्रजी इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राकडून मिळणारी लाटांची माहिती रोज घ्यायची आणि प्रत्येक बंदरासाठी मराठीत एक छोटी सूचना द्यायची, एवढेच.

सुरुवातीला आम्ही सरळ यांत्रिक भाषांतर वापरले. इशाऱ्यातील ‘स्मॉल क्राफ्ट’ म्हणजे लहान होड्या, त्यांचे यंत्राने ‘लहान हस्तकला’ केले. ‘स्वेल’ म्हणजे लांबून येणारी फुगीर लाट, तिची ‘उंच सूज’ झाली. मिरकरवाड्याच्या जेटीवर एका वयस्क तांडेलांना, म्हणजे होडीच्या प्रमुखांना, फोन दाखवला, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारले, “सूज कोणाला आली आहे?” आम्ही सगळेच हसलो आणि परत येऊन भाषांतराची ती यंत्रणा काढून टाकली.

त्यानंतर मोठे भाषा प्रारूप (चॅटजीपीटीसारखे, स्वतः मजकूर लिहिणारे) आणले, आणि माझ्या मते खरी अडचण तिथून सुरू झाली. त्याची मराठी इतकी सफाईदार आहे की आमच्यातल्या कोणाला एवढ्या घाईत तशी लिहिता आली नसती. पण चाचणीच्या तिसऱ्या दिवशी मी मूळ इशारा आणि तयार सूचना शेजारी शेजारी ठेवून वाचली. मुळात वाऱ्याचा वेग ताशी ४५ ते ५५ किलोमीटर आणि मधूनच येणारे झोत ६५ पर्यंत, असे होते. सूचनेत ‘ताशी ५० किलोमीटरच्या आसपास वेगवान वारे’ एवढेच उरले होते, आणि शेवटी ‘दुपारनंतर समुद्र हळूहळू निवळण्याची अपेक्षा आहे’ असे एक वाक्य होते, ज्याला मूळ इशाऱ्यात कोठेही आधार नव्हता. हस्तकला आणि सूज पाहून माणूस हसतो आणि सावध होतो. हे वाक्य वाचून तो दुपारी होडी काढील.

तेव्हा प्रश्न असा आहे की अशा ॲपमध्ये वाक्य कोणी रचायचे? दर वेळी यंत्राने नव्याने, की आपण एकदाच? ज्यांनी मराठीत मोबाइलसाठी काही केले आहे, त्यांनी आपला अनुभव सांगावा.

मतलई वारा (देवगड)

माझे पोट याच यंत्रांवर चालते, त्यामुळे मी त्यांची बाजू घेईन असे तुम्हाला वाटेल. पण निवळण्याचे ते वाक्य पाहून मला जराही आश्चर्य वाटले नाही. भाषा प्रारूप पुढचा शब्दखंड (टोकन, म्हणजे शब्दाचा तुकडा) कोणता असावा याचा अंदाज बांधत जाते. हवामानाच्या बातम्या ज्या रीतीने लिहिल्या जातात, त्या रीतीचा त्याने प्रचंड मजकूर पाहिलेला असतो, आणि त्या बातम्यांच्या शेवटी दिलासा देणारे एखादे वाक्य फार वेळा येते. प्रारूप तो घाट पूर्ण करते. आपण त्याला खोटे म्हणतो, पण त्याच्यापाशी खऱ्याखोट्याची वेगळी वही नसतेच.

येथे बरेच जण सुचवतील की ‘टेंपरेचर’, म्हणजे शब्द निवडताना प्रारूपाला असलेली मोकळीक, शून्यावर आणा. ते जरूर आणा, पण त्याने हा रोग बरा होणार नाही. शून्यावर आणल्याने प्रारूप दर वेळी सर्वांत संभाव्य शब्द निवडते, आणि तो दिलासाच सर्वांत संभाव्य असेल तर तुम्हाला तीच चूक रोज न चुकता मिळेल. प्रारूपाला दिलेल्या सविस्तर सूचना, ‘मूळ मजकुराबाहेर जाऊ नकोस’ अशी ताकीद, दोन-चार नमुने, यांनी चुकांचे प्रमाण घटते. ते शून्य होत नाही.

आणखी एक व्यावहारिक बाब. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि बहुतेक प्रारूपांचे शब्दखंड इंग्रजी मजकूर डोळ्यांपुढे ठेवून पाडलेले असतात, त्यामुळे मराठी वाक्याचे तुकडे त्याच अर्थाच्या इंग्रजी वाक्यापेक्षा जास्त होतात. तुम्ही पैसे तुकड्यांवर मोजता आणि वाटही तुकड्यांगणिक पाहता. प्रारूप फोनवरच ठेवायचे म्हटले, तर १०० कोटी घटकांचे (पॅरामीटरचे) लहानसे प्रारूप प्रत्येक घटक चार बिटांत दाबूनही सुमारे अर्धा जीबी जागा खाते. जेटीवरच्या ज्या फोनमध्ये लग्नांचे व्हिडिओ भरलेले असतात, त्यात ही जागा कोण देणार?

तांडेलाची लेक (मालवण)

मी मुंबईतल्या एका कंपनीसाठी मालवणातून घरून काम करते; वडील चाळीस वर्षे दर्यावर गेले. वर जे चालले आहे ते ठीकच आहे, पण तुम्ही सगळे वाक्य तयार होण्याबद्दल बोलत आहात. ते पडद्यावर कसे दिसते, याबद्दल अजून कोणी बोललेले नाही.

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘होड्या समुद्रात नेऊ नका’ या वाक्यात सगळा जीव ‘नका’ या शब्दात आहे. आता हीच सूचना लॉक केलेल्या पडद्यावर एका ओळीत दाखवा, वडिलांच्या फोनसारखा अक्षरांचा आकार मोठा करून ठेवलेला असू द्या, आणि वाक्याच्या आधी बंदराचे नाव, तारीख, ‘महत्त्वाची सूचना’ हे शब्द असू द्या. ओळ संपली की अँड्रॉइड पुढे तीन टिंबे टाकतो. मी आमच्या एका जुन्या प्रकल्पात प्रत्यक्ष पाहिलेली ओळ अशी होती: ‘महत्त्वाची सूचना: आज होड्या समुद्रात ने…’ इंग्रजीत नकार आधी येतो, क्रियापद मागून येते, त्यामुळे इंग्रजी वाक्य कापले तरी मनाई शिल्लक राहते. आपले वाक्य कापले की मनाईची परवानगी होते. इंग्रजी आराखड्यात नंतर मराठी ओतणाऱ्यांच्या हे कधीच ध्यानात येत नाही, कारण त्यांच्या पडद्यावर ती अडचण उद्भवतच नाही.

वडिलांना तुमचा पहिला नमुना वाचून दाखवला. पूर्ण ऐकूनही घेतले नाही. म्हणाले, “जावचा काय नाय, ता आधी सांग.” माझ्या मते तुमच्या ॲपचा सगळा आराखडा या एका वाक्यात आला.

बंदरावर बावटा लावतात, तो तरी दुसरे काय आहे? बंदरांच्या इशाऱ्यांना १ ते ११ क्रमांक ठरलेले आहेत. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ एवढे कानावर पडले की किनाऱ्यावरच्या पोरालाही कळते. कोणी रोज सकाळी बावट्याचे नवे, अधिक ओघवते रूप शिवत बसत नाही.

घाटमाथा (कोल्हापूर)

एवढा शब्दांचा खल कशासाठी? सगळ्यांना चित्रे समजतात. लाल, पिवळा, हिरवा रंग आणि दोन-तीन चिन्हे द्या. भाषेचा प्रश्नच मिटला.

तांडेलाची लेक (मालवण)

घाटमाथा, रंग जरूर द्यावेत. हवामान विभागाचे पिवळे, नारिंगी आणि लाल इशारे लोकांना माहीत आहेतच. पण चिन्हांनी भाषेचा प्रश्न मिटतो, हे मी मान्य करणार नाही. ढगावर तिरकी रेघ मारलेले चिन्ह आपण प्रोग्रॅमर लोक ‘इंटरनेट नाही’ या अर्थी सर्रास वापरतो. हवामानाच्या ॲपमध्ये ते वापरले की माणूस त्याचा अर्थ ‘आज ढग नाहीत’ असा घेतो. म्हणजे माहिती दोन दिवसांची शिळी आहे हे सांगण्यासाठी लावलेले चिन्ह आकाश निरभ्र असल्याची ग्वाही देते. आमच्या शेजाऱ्यांनी ते अगदी तसेच वाचले होते, आणि चूक त्यांची नव्हती.

शिवाय पहाटे चार वाजता जेटीवर हात ओले असतात. पाण्याचे थेंब पडद्यावर पडले की स्पर्श भलत्या जागी लागतो. गूगलच्या आराखड्यात बोट लावण्याच्या जागेसाठी ४८ एककांचे किमान माप सांगितले आहे. ते कोरड्या बोटांसाठी आहे असे समजा आणि त्याच्या दीडपट घ्या. एका पडद्यावर एकच मोठे बटण असावे, आणि ते ‘पुन्हा ऐका’ हे असावे.

अनुस्वार (मूळ चिपळूण, सध्या पुणे)

धागा उशिरा पाहिला. माझे काम ॲपचे मराठीकरण करण्याचे असल्यामुळे दोन-तीन जुन्या जखमा दाखवतो.

खाडीकाठ, ठरावीक वाक्य वापरायचे ठरवले तरी तुम्ही एका खड्ड्यात पडणार आहात आणि तो खड्डा सामान्यरूपाचा आहे. इंग्रजी सवयीने आपण साचा करतो: आधी गावाच्या नावाची रिकामी जागा, मग ‘त जोरदार वारे’. दापोली घातले की ‘दापोलीत’, रत्नागिरी घातले की ‘रत्नागिरीत’, चाचणी उत्तीर्ण. मग कोणीतरी वेंगुर्ले निवडतो आणि ‘वेंगुर्लेत’ असे छापले जाते. वेंगुर्ल्याचा माणूस ते वाचून इतकेच ठरवतो की हे ॲप करणारा आपल्याकडचा नाही. माशांच्या नावांचेही तेच आहे: सुरमईचा भाव बरोबर येतो, पण ‘बांगडाचा भाव’ कोण म्हणतो? क्रियापदाचे लिंग हा त्यापुढचा खड्डा. होडी पोचली, ट्रॉलर पोचला, गलबत पोचले. अँड्रॉइडची एकवचन-अनेकवचनाची सोय येथे तोकडी पडते, कारण तिला फक्त संख्या कळते.

यावर दोन उपाय आहेत. प्रत्येक बंदराचे सामान्यरूप यादीत वेगळे लिहून ठेवणे, हा पहिला. बंदरे मोजकी असल्यामुळे तो एका दुपारचा उद्योग आहे. दुसरा उपाय मला अधिक आवडतो: नावाला विभक्तीच लावायची नाही. ‘वेंगुर्ले बंदर.’ असे म्हणून पूर्णविराम द्यायचा आणि पुढचे वाक्य स्वतंत्र ठेवायचे. तारेच्या जमान्यात लोक असेच लिहीत आणि कोणाला त्यात रुक्षपणा वाटत नसे. येथे मात्र मी यंत्राचे कौतुक करीन; मोठे प्रारूप ‘वेंगुर्ल्यात’ बहुधा बरोबर लिहिते. साच्याला जे व्याकरण जमत नाही ते त्याला जमते आणि साच्याचा प्रामाणिकपणा त्याच्यापाशी नाही, असा हा पेच आहे.

आता आकड्यांची गोष्ट, कारण ती जिवावर बेतू शकते. फोनची भाषा मराठी ठेवली, की अँड्रॉइडवर आकडे मांडणारी नेहमीची आज्ञा अंक देवनागरीत देते, कारण मराठीसाठी तेच मूळ अंक ठरवलेले आहेत. हिंदीला तसे नाही, तेथे इंग्रजी अंक येतात, म्हणून हिंदीत नीट चाललेले ॲप मराठीत घसरते. आमच्याकडे फोनवरून गेलेली संख्या सर्व्हरला ‘४५’ अशी मिळाली. सर्व्हर जावास्क्रिप्टचा. त्या भाषेला देवनागरी अंक ही संख्या वाटत नाही. ती त्याचे ‘नॅन’ करते, म्हणजे ‘संख्या नव्हे’. आणि नॅन कशाहीपेक्षा मोठा आहे का, असे विचारले की उत्तर नेहमी ‘नाही’ असेच येते. म्हणजे वारा ४० पेक्षा जास्त आहे का, नाही. ६० पेक्षा जास्त आहे का, नाही. कोठे त्रुटी दिसत नाही, कोठे लाल अक्षर उमटत नाही, फक्त इशारा कधीच जात नाही. सुदैवाने आमचे ॲप विहिरींच्या पाणीपातळीचे होते. यंत्रायंत्रांमधल्या देवाणघेवाणीत भाषा-प्रदेशाची मांडणी (लोकेल) तटस्थ ठेवा आणि देवनागरी अंक केवळ माणसाला दाखवताना वापरा.

बाकी किरकोळ: बटणाची उंची आकड्यात बांधू नका, नाहीतर ‘र्हू’सारख्या अक्षराचे डोके किंवा पाय कापला जाईल. अक्षरांमधले अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. आणि शोधाची सोय देणार असाल तर ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टंकता येते, ‘दुसऱ्या’ मधला अर्धा ‘र’ही दोन प्रकारे टंकता येतो, दिसायला दोन्ही सारखेच; युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण त्यांना एक करीत नाही. ते तुम्हालाच करावे लागेल.

सुरंगी (गुहागर)

मी पडद्यांची रचना करते, प्रोग्रॅमिंग बेताचे येते. विषय थोडा सरकवते, पण फार नाही.

आमच्या घरी आई पर्यटकांसाठी दोन खोल्या चालवते. खोल्या नोंदवण्याच्या एका ॲपने तिच्या चार ओळींच्या जागी यंत्राकडून ‘आकर्षक वर्णन’ लिहून दिले. तिने लिहिले होते: ‘दोन खोल्या. न्हाणीघर वेगळे. सकाळी घावने, दुपारी माशाचे जेवण आधी सांगितल्यास. समुद्र घाटी उतरून अर्ध्या तासावर.’ यंत्राने लिहिले: ‘निसर्गाच्या कुशीत वसलेल्या या रमणीय निवासस्थानी लाटांच्या गाजेने जागे व्हा.’ घावने गेली, न्हाणीघर गेले, अर्धा तासही गेला. शेजारच्या तीन घरांची वर्णनेही तशीच, सगळी निसर्गाच्या कुशीत. ती लाटांची गाज ऐकायला एक वृद्ध जोडपे बॅगा घेऊन आले आणि घाटी पाहून आईवर रागावले. आईने त्यांना परत पाठवले नाही, रिक्षा करून दिली, ते वेगळे.

मला यातून एवढेच म्हणायचे आहे की यंत्राने खोटे रचले, त्याच्या आधी त्याने आईच्या मजकुरातले नेमके ते सगळे गाळले. खाडीकाठ, तुमच्या सूचनेतही आधी ६५ चे झोत गेले आणि मगच निवळण्याचे वाक्य आले. तुम्ही फक्त आगाऊ आलेल्या वाक्यांची तपासणी लावाल, तर गळालेल्या झोतांकडे तुमचे दुर्लक्ष होईल. तपासणी दोन्ही बाजूंनी हवी.

मतलई वारा (देवगड)

सुरंगी यांचा मुद्दा मी माझ्या कार्यालयात चोरून वापरणार आहे. आम्ही सूचनेतला प्रत्येक आकडा मुळात आहे का, हे पाहत होतो. मुळातला प्रत्येक आकडा सूचनेत आला का, हे पाहत नव्हतो.

पण मग पुढचा विचार असा येतो की सगळे आकडे जर आपणच काढून, जुळवून, पडताळून घेणार असू, तर प्रारूपाने नेमके काय केले? हवामान विभागाच्या इशाऱ्याची इंग्रजीही साचेबंदच असते. वाऱ्याचा पल्ला, झोत, किनारा, दिवस. हे चार तुकडे उचलायला पन्नास ओळींची साधी आज्ञावली पुरते, आणि तिला तुकडा सापडला नाही तर ती गप्प बसून माणसाला हाक मारते. प्रारूपाला हीच गप्प बसण्याची विद्या येत नाही.

खाडीकाठ (रत्नागिरी)

सर्वांचे आभार. दोन दिवस बोलू शकलो नाही, कारण आम्ही लिहिलेले बरेचसे पुसत होतो.

आता असे ठरले आहे. फोनवर जाणारे प्रत्येक वाक्य आधीच लिहिलेले असेल. एकूण सव्वीस वाक्ये निघाली. ती आम्ही, संस्थेचे सचिव आणि दोन तांडेल यांनी मिळून एका बैठकीत पक्की केली. त्या बैठकीत ‘निवळणे’ हा शब्द कायमचा बाद झाला. ‘उधाण’ (मोठी भरती) आणि ‘भांग’ (लहान भरती) हे शब्द मात्र राहिले. मी भरतीचे पुस्तकी वर्णन लिहून नेले होते, त्यावर एका तांडेलांनी ‘भांगाची भरती म्हणा ना सरळ’ असे सुनावले.

ऐकवायच्या सूचनेबाबत एक गंमत झाली. फोनमधला आवाज २.५ मीटर हे ‘दोन पूर्णांक पाच’ असे वाचत होता. जेटीवर कोण असे बोलतो? दीड, अडीच, मग साडेतीन, साडेचार. आम्ही लाटांची उंची अर्ध्या मीटरच्या टप्प्यावर वरच्या बाजूला नेऊन हे शब्द थेट लिहूनच टाकले. एक मीटरच्या पुढे १.५ आणि २.५ एवढे दोनच अपवाद असल्यामुळे आज्ञावली आठ ओळींची झाली आणि या सगळ्या प्रकल्पात लोकांनी सर्वांत जास्त वाखाणलेली गोष्ट हीच ठरली.

वाक्ये आधीच लिहून ठेवण्याचे दुसरे कारण एसएमएसचे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कित्येक दिवस वीज नव्हती आणि फोनही नव्हते. (जाता जाता: या वादळाच्या नावाने यंत्रांची फार फजिती होते, कारण ‘निसर्गामुळे झालेले नुकसान’ हे त्यांना कवितेसारखे वाटते.) तसे झाल्यावर एसएमएसही जाणार नाही, हे कबूल, पण वादळाच्या आदल्या दिवशी, डेटा मंद झालेला असताना, तो बहुधा पोचतो. घाऊक एसएमएससाठी वाक्यांचे साचे आपल्याकडे आधी नोंदवावे लागतात आणि रिकाम्या जागा तेवढ्या बदलता येतात. म्हणजे यंत्राने रोज नवे वाक्य लिहून दिले असते, तरी ते निघालेच नसते. आम्ही महिनाभर ज्या प्रश्नावर वाद घातला, त्याचे अर्धे उत्तर दूरसंचार नियमांत आधीच बसलेले होते.

अडचण लांबीची आहे. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७० एकके, आणि येथे काना, मात्रा, हलन्त, सगळे वेगळे मोजले जाते. ‘क्षि’ दिसायला एक अक्षर, मोजायला चार. आमचा पहिला साचा असा होता: ‘वेंगुर्ले बंदर. वारा ताशी ४५ ते ५५ किमी, झोत ६५. लाटा अडीच ते साडेतीन मीटर. होड्या समुद्रात नेऊ नका.’ मोजून १०० एकके. म्हणजे दोन तुकड्यांचा संदेश, दुप्पट खर्च, आणि मनाई दुसऱ्या तुकड्यात.

अनुस्वार (मूळ चिपळूण, सध्या पुणे)

मनाई दुसऱ्या तुकड्यात ठेवणे म्हणजे तांडेलाच्या लेकीने सांगितलेलीच चूक पुन्हा करणे. उलटे करा. आधी आज्ञा, मग बंदर, मग आकडे. लाटांचा खालचा आकडा काढून टाका, त्याचा उपयोग कोणाला आहे?

तांडेलाची लेक (मालवण)

दुपारच्या जेवणानंतर बसून मोजले. ‘समुद्रात जाऊ नका. वेंगुर्ले. वारा ४५-५५, झोत ६५. लाटा साडेतीन मीटर.’ हे ६७ एककांत बसते. वडिलांना वाचून दाखवले, या वेळी त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. फक्त विचारले की वारा ४५ म्हणजे तासाला किलोमीटर की मैल. पूर्वी रेडिओवर नॉटचे, म्हणजे तासाला सागरी मैलांचे, ऐकायची सवय. तेव्हा ‘ताशी’ हा शब्द तरी हवा असे मला वाटते.

मतलई वारा (देवगड)

‘ताशी’ची चार एकके आणि एक मोकळी जागा, म्हणजे पाच. तुमच्याकडे तीन शिल्लक आहेत. आणि ‘ताशी’ने किलोमीटर की मैल हे कळत नाहीच, ते ॲपच्या पहिल्या पडद्यावर एकदा सांगून ठेवावे लागेल.

तांडेलाची लेक (मालवण)

वेंगुर्ल्याच्या नावाला नऊ एकके लागतात. मालवण पाच, देवगड पाच, हर्णै पाच. तेथे ‘ताशी’ घालूनही ६८ होतात. अडते ते वेंगुर्ले आणि, आत्ताच मोजले, रत्नागिरी.

खाडीकाठ (रत्नागिरी)

रत्नागिरीचे नऊच भरतात, मीही मोजले. संस्थेच्या सचिवांना फोन लावून विचारले की आपल्या दोन बंदरांच्या संदेशात ‘ताशी’ नसेल, चालेल का. त्यांनी कारण विचारले, मी सांगितले, त्यांना एकक ही भानगड अजिबात पटली नाही. त्यांचे म्हणणे असे की संदेश रत्नागिरीच्याच लोकांना जाणार असेल तर त्यात रत्नागिरी लिहायचेच कशाला. प्रत्येकाला आपले बंदर माहीत असते. आमच्या तिघांच्याही हे डोक्यात आले नव्हते. त्यावर मी विचारले की रत्नागिरीची होडी त्या रात्री जयगडला लागलेली असली तर? ते म्हणाले, मग विचार करून सांगतो. उद्या सकाळी जेटीवर भेटणार आहोत.